टाकीखालचं शेवाळ आणि बसूचा शार्क

मी एक जुनं शेवाळ आहे. कुंभारीच्या शाळेत, पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर राहते. पुस्तकात माझं नाव हायोफिला असं भारदस्त आहे. शाळेत मला 'घाण' म्हणतात.

मित्रांनो, धुळीचा कण होऊन मी वाऱ्यावरून इथे आले. टाकीचा नळ टपकायचा, म्हणून बालपण हिरवंगार गेलं. मग नळ दुरुस्त झाला. सगळे खूश झाले आणि मी वाळून काळी खपली झाले.

यंदा विज्ञान प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी साफसफाई करणाऱ्या नागम्मामावशी तारेचा ब्रश घेऊन माझ्यासमोर बसल्या. तेवढ्यात आठवीतली सिद्धेश्वरी धावत आली.

"मावशी, खरवडू नका! मला तेच दाखवायचंय."

"हे? मेलंय की गं!"

"जिवंत आहे."

"मग उद्या दाखव. न्हाय दाखवलंस तर ब्रश हायच."

माझं मरण एका दिवसावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरीनं कट्ट्याला लागूनच टेबल लावलं. एक प्राणी आणि एक वनस्पती यांची तुलना करायची होती. जोडीदार बसूनं थर्माकोलचा पांढरा शार्क केला होता, तोंडात खडूचे दात.

बसू कुरकुरला, "पोरं माझा शार्क बघून येतात अन् तुझी खपली बघून जातात."

सिद्धेश्वरी मात्र ठणकावून बोलू लागली. "दोघांचंही कूळ डायनासोरच्या आधीचं. शार्कला हाड नाही, ह्याला खरं मूळ नाही. शार्कचा दात पडला की नवा येतो, ह्याचा तुकडा पडला तर नवं शेवाळ येतं. पण पांढरा शार्क पोहायचा थांबला तर गुदमरतो. हे पाण्याशिवाय उन्हाळाभर थांबतं. मावशी, घाला पाणी!"

"वाया गेलं तर बघ हां," मावशी तांब्या उचलत म्हणाल्या. "चार दिवसांनी नळ येतो आपल्याकडं."

पाणी पडलं. मी प्यायले. अंग चोरून बसलेली माझी इवली पानं एकेक करून उलगडली, काळ्याची हिरवी झाली. शंभर आकडे मोजून व्हायच्या आत मी मखमल झाले होते!

"अगं, हलतंय!" बसू ओरडला.

"आगं बाई! जित्तं हाय की!" मावशींनी ब्रश पाठीमागे लपवला.

अख्खी शाळा माझ्याभोवती गोळा झाली. शार्कचा एक दात गर्दीत पडला, कुणाला कळलंही नाही.

आता मावशी कट्टा घासतात तेव्हा ब्रश मला वळसा घालून जातो आणि तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या वाट्याला येतं. मित्रांनो, कुणी गप्प पडून असलं तर लगेच ब्रश काढू नका. आधी तांब्याभर पाणी घाला आणि शंभरपर्यंत मोजा.