पहिल्या बटणातली हाक

कारखान्यात चिपांमध्ये प्रोग्राम भरायचं टेबल थोरल्या लेकीच्या ताब्यात होतं, आणि तिथे तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. "आधी लिहा, मग ताडून बघा, आणि मगच कुलूप लावा," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला इतकं ऐकवायची की मागे लोक तिला कुलूपबाई म्हणत. कुलूप म्हणजे चिपमधली एक सोय. ते लागलं की आतला मजकूर बाहेरून कोणाला वाचता येत नाही. काढायला गेलं की चिप आधी स्वतःला पुसून कोरी करते आणि मगच उघडते. चोरांसाठी उत्तम बंदोबस्त, यात वादच नाही.

आणि या कुलूपबाईने घरी काय दिवे लावले? बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्यासाठी बटणांची एक डबी बनवली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी तिच्यातच बोलून आपली वाक्यं भरली. "टीव्ही जरा बारीक करा." "मला काही झालेलं नाही." "मदतीला या." आणि पहिल्या बटणावर आईला आयुष्यभर मारलेली हाक, "अगं, ऐकलंस का?" त्यातला 'अगं' चांगला लांबलेला असे, आणि 'का' एकदम वर चढे.

डबीची बॅटरी जास्त टिकावी म्हणून थोरलीने चिपमधली वीज कमी पडल्यावरची राखण मुद्दाम बंद केली होती. राखण चालू असली की वीज उतरताच चिप हातातलं काम टाकून गप्प बसते. नसली की अर्धवट शुद्धीत भलत्या जागी काहीबाही लिहीत सुटते. बाकीच्या सोयींपुढच्या बरोबरच्या खुणा कारखान्यातल्या तशाच राहिल्या, त्यामुळे कुलूपही लागून गेलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तिने त्याला उभं-आडवं झापलं असतं.

व्हायचं तेच झालं. बॅटरी उतरलेली असताना बाबांनी डबीचा आवाज वाढवला, तो नवा आकडा लिहिताना चिपने घोळ घातला, आणि पहिल्या बटणातून नुसती खरखर यायला लागली.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर थोरली लॅपटॉपला डबी जोडून बसली होती. समोर आई, शेजारी बाबा.

"बाकीची वाक्यं बटणं दाबून मोबाईलवर उतरवून घेतली," ती म्हणाली. "पहिलं आत अडकलंय. कदाचित अख्खं असेलही, नुसता त्याचा पत्ता बिघडला असेल. पण काढायला कुलूप उघडावं लागेल, आणि उघडलं की गेलं."

"आधीच का नाही उतरवून ठेवलंस गं?"

"रोज तर ऐकू येत होतं, आई."

आई म्हणाली, "मग नको उघडूस. खरखर तर खरखर. आत आहे म्हणतेस ना?"

"राखण चालू करायची तर उघडावंच लागेल. नाही केली तर पुढच्या वेळी 'मदतीला या' जाईल. तेव्हा घरात कोणी नसलं म्हणजे?"

चूक थोरलीची, आणि ती निस्तरायची म्हणजे बाबांची हाक स्वतःच्या हाताने पुसायची. बाबांनी दोघींकडे बघितलं आणि डबी ओढून बटण दाबलं. "मला काही झालेलं नाही," डबी म्हणाली. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवून मान हलवली. कर.

तिने केलं. चिप कोरी झाली तेव्हा ती रडली, आणि रडत रडतच तिने राखण चालू केली, बाकीची वाक्यं भरली, एकेक ताडून बघितलं. कुलपाची खूण काढून टाकली. पहिलं बटण रिकामं राहिलं.

"इथे कोणाचा आवाज भरू? माझा?"

"तुझा कशाला? आण इकडे." आईने डबी तोंडाशी धरली, घसा खाकरला, आवाज जाडा केला आणि म्हणाली, "अगंऽऽ, ऐकलंस का?" तोच लांबलेला 'अगं', वर चढलेला 'का', आणि कामाला उशीर झाल्यावर बाबांच्या सुरात येणारा किंचित त्रागासुद्धा. बाबांनी आ वासला.

"बघताय काय?" आई म्हणाली. "तुमच्या माघारी हिच्या भावंडांना हसवायला हीच तर नक्कल करायचे मी." आणि पदर सावरत ती भांडी घासायला आत निघून गेली.

बाबांनी थोडा वेळ डबी नुसती हातात धरली. मग पहिलं बटण दाबलं.

आतला नळ बंद झाला. "आले हो, आले!" आई म्हणाली, आणि ओल्या हातांनी खरोखरच बाहेर आली.