पाळकसाहेबांची डावी कूस

आमच्या पिअर्स पाळकसाहेबांचं प्रवचन बोलण्यातून गाण्यात कधी शिरायचं, ते कळायचंच नाही. सुरुवात साधी, शेजाऱ्याशी बोलावं तशी. मग एखाद्या वचनावर आवाज थबकायचा, तेच वचन पुन्हा यायचं, जरा वरच्या पट्टीत, आणि बघता बघता सूर लागायचा. 'शीड भरलं' म्हणतात आम्ही वेल्सची माणसं. मी बाकाची कड घट्ट धरून बसायचे. एकदा अशाच भरल्या सुरात कुणाचं तरी मूल रडायला लागलं. आई शरमून उठली, तर वरून पाळकसाहेब म्हणाले, "बस गं बाई. मला सूर देतंय ते."

ते गेले त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण टेगवेन बाळंत झाली. मूल पोटातच गेलं होतं.

मला वाटलं होतं, मूल नाही म्हणजे देव निदान कळा तरी कमी देईल. तसं नसतं. जिवंत मुलाला येतात तशाच सगळ्या कळा येतात. सुईणीने "मुलगी" एवढंच सांगितलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि टेगवेनला न दाखवता खाली नेली. टेगवेनच्या नवऱ्याने, इदवालने, ती दारातच एमरिस सुताराच्या हातात दिली. गावातल्या शवपेट्या एमरिसच करायचा. "मी बघतो," तो म्हणाला. त्यापुढे विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. अशा मुलाला नाव नाही, बाप्तिस्मा नाही, स्वतःची कबर नाही.

"कुठे ठेवली?" टेगवेन ज्याला त्याला विचारायची.

"मला काय ठाऊक," म्हणून इदवाल पाटीच्या दगडाच्या खाणीवर निघून जायचा. डॉक्टर म्हणाले, "दुसरं होऊ दे, विसरशील."

पाळकसाहेबांच्या दफनाच्या दिवशी सकाळी तिला दूध उतरलं. छाती दगडासारखी झाली. हे कुणीच सांगितलं नव्हतं तिला. तिच्या सासूबाई दूध आटवायला कोबीची पानं आणि फाडलेल्या चादरीचे पट्टे घेऊन वर आल्या.

"आता कुणासाठी येतंय हे?" टेगवेनने विचारलं.

"दुधाला कुठे कळतं, पोरी. हात वर कर." त्यांनी पट्टा आवळला. "घट्ट झालं?"

"श्वास घेता येत नाहीये."

"मग नीट बसलाय."

आमच्याकडे मोठ्या माणसाच्या दफनाला फक्त पुरुष जात. बायका पडदे ओढून घरात. रस्त्यावरून गाणं येऊ लागलं, तशी टेगवेन म्हणाली, "नेस्टा, मला खिडकीशी ने." मी पडदा बोटभर सरकवला. सगळी खाण काळ्या कपड्यांत चालली होती, चार आवाजांत स्तोत्र म्हणत. पेटीला खांदा देणाऱ्यांत पुढे आमचा इदवाल. पेटी बरोबर खिडकीखाली आली आणि टेगवेनने माझा हात धरला. पट्टे, गाऊन, सगळं समोरून भिजलं होतं.

"सासूबाईंना सांगू नकोस," ती म्हणाली. "पुन्हा आवळतील."

पुढे ती हिंडूफिरू लागली, तेव्हा पहिली गेली ती एमरिसच्या कारखान्यात. मी सोबत होते. तो रंधा मारत होता. आम्हाला पाहून थांबला.

"तुझ्या नवऱ्याने नाही विचारलं," तो म्हणाला.

"तो पुरुष आहे. मी विचारतेय."

"टेगवेन, असं विचारायचं नसतं गं."

"मला तिला बाहेर काढायची नाही, एमरिस. दूध अजून येतं. ते येतं तेव्हा तोंड कुठे करून बसू, एवढंच सांग."

एमरिसने रंधा बाजूला ठेवला, दार लावून घेतलं.

"अशी बाळं मी त्या आठवड्यात जो जाईल त्याच्या पेटीत ठेवतो. एकटी जाऊ नयेत म्हणून. तुझी पाळकसाहेबांबरोबर आहे. उजव्या हाताखाली बायबल होतं, म्हणून डाव्या कुशीत ठेवली. हात जरा वळवावा लागला त्यांचा." दाराकडे बघत तो म्हणाला, "चॅपेलच्या पंचांना कळलं तर माझं काही खरं नाही. बिनबाप्तिस्म्याची पोर, आणि कुणाच्या पेटीत..."

टेगवेन म्हणाली, "रडली असती तर सूर दिला असता तिने त्यांना."

एमरिसने तोंड फिरवलं.

त्यानंतर दर रविवारी उपासना संपली की ती कबरीपाशी जायची, गवत काढायची, खालच्या आवाजात स्तोत्र म्हणायची. चॅपेलचे एक पंच मला म्हणाले, "पाळकसाहेबांवर केवढी भक्ती तुझ्या बहिणीची. शिकावं इतरांनी." मी मान हलवली. देव मला क्षमा करील. मला वाटतं, त्याने केव्हाच केली.

इदवालला तिने घरी काही सांगितलं नाही. एका रविवारी तो तिला न्यायला आला, तेव्हा तिथेच सांगितलं. "तूच आणलीस तिला इथवर. खांद्यावरून."

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याचा दुसरा हात आपोआप खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कुठली बाजू?" त्याने विचारलं.

टेगवेनने बाही धरून त्याला पलीकडे नेलं, पाळकसाहेबांच्या डावीकडे, आणि दोघं तिथल्या ओल्या गवतावर बसली.