शेकायची वीट

टाचणी अर्धी आत गेली तरी टॅमसिन पेल हूं की चूं करेना.

"बघा, दुखतच नाही हिला!" डॉक्टरांची बायको म्हणाली. "सैतानाला दूध पाजायची जागा ती हीच."

सोळाशे ब्याण्णवचा उन्हाळा. कोर्टाच्या हुकुमावरून इंग्रजांच्या नव्या वसाहतीतल्या वेनफर्ड गावच्या तुरुंगात पाच बायका चेटकिणीच्या अंगावरची, टोचलं तरी न दुखणारी खूण शोधायला आल्या होत्या. शेजारच्या पोरींना झटके येत होते आणि त्या टॅमसिनचं नाव घेत होत्या. टॅमसिनची जीभ तिखट, तिने गावात कुणाला सोडलं नव्हतं. आता खूण सापडली, म्हणजे फाशी ठरलेली.

पाचांतली सगळ्यांत वयस्कर म्हणजे गावची सुईण, हेप्सिबा लविट. टॅमसिनच्या कमरेखालचा तो काळसर गोळा तिने वाकून पाहिला. तो तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी टॅमसिनचं पहिलं बाळंतपण दोन दिवस अडलं होतं. जमलेल्या बायकांसाठी घरच्यांनी रीतीप्रमाणे बिअर काढली होती. दमलेल्या हेप्सीने ती जरा जास्तच घेतली, तापलेली वीट फडक्यात गुंडाळून टॅमसिनच्या कमरेला शेकायला लावली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. फडकं सरकलं. मुलगा सुखरूप झाला, पण विटेने मांस जाळलं ते जाळलंच, आणि त्या जागेची जाणीव कायमची गेली. टॅमसिनने हे नवऱ्यालाही कळू दिलं नाही. हेप्सीला मात्र भेटेल तेव्हा टोचायची, "काय गं, झाली का झोप?"

बाकीच्या बायका कारकुनाला बोलवायला बाहेर गेल्या.

"मी खरं सांगून टाकते," हेप्सी कुजबुजली.

"खबरदार! पिऊन झोपणाऱ्या सुईणीला कोण दारात उभं करील? माझ्या सुनेला पाचवा महिना लागलाय. तिचं कोण करणार?"

"आणि तू फासावर जाणार?"

"माझं वय झालंय आता."

"माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेस, भवाने! मला वय सांगतेय!"

दोघींना हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं.

हेप्सीचा नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. निम्मं गाव तिच्या हातांत पहिल्यांदा रडलं होतं, तोच तिचा गोतावळा. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोर्टात गेली ती ॲप्रनमध्ये तीच जुनी वीट घेऊन.

"साहेब, सैतानाला उगाच बोल लावू नका. ती खूण माझी आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

"किती प्यायला होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चार मग. पाचवा आठवत नाही."

विटेचा एक कोपरा पहिल्यापासूनच उडालेला होता. बायकांनी विटेची ती बाजू खुणेला लावून पाहिली आणि ती तंतोतंत जुळली. डॉक्टरांच्या बायकोलाही मान हलवावी लागली. त्या उन्हाळ्यात तसल्या कोर्टातून घरी आलेल्या बायका थोड्याच. टॅमसिन आली.

हेप्सीला मात्र कुणी बोलावेना. वाटेत भेटलं की सगळे नीट बोलायचे, पण घरात दिवस भरत आले की निरोप जायचा तो पलीकडच्या गावच्या सुईणीला.

थंडी पडली आणि एका दुपारी टॅमसिनच्या सुनेला कळा लागल्या. 'लविटबाई नकोत' असं सुनेच्या आईनेच बजावलं होतं. हेप्सी आपल्या घरात चुलीपाशी बसून शेजारच्या टॅमसिनच्या घरातल्या आवाजांकडे कान लावून होती. इतक्यात दार ढकलून टॅमसिन आत आली.

"अगं, नातवंड होतंय नि तू इथे?"

"अकरा बायका आहेत तिथे. सगळ्या बिअर ढोसतायत, पण तुझ्यासारखं झोपणं एकीला जमेल तर शपथ!"

"पाठीत कळा येतायत का तिला? कुशीवर वळवा म्हणावं."

"सांगितलं. माझ्या नावावर खपवलं."

हेप्सी हसली, पण तिचे हात मांडीवर उगाच हलत राहिले. त्यांना काही काम नव्हतं. टॅमसिनने ते पाहिलं आणि मग तिचे पाय चाचपले. बर्फ झाले होते.

चुलीतून तिने ती वीट ओढून काढली. एका फडक्यात गुंडाळली, मग दुसऱ्या. गाठ मारली, वरून हात फिरवून पाहिला आणि हेप्सीच्या पायांशी ठेवली.

"झोप आता तू," ती म्हणाली. "मी जागी आहे."