तांब्याची तार

"तीन हॉर्सपॉवर? ह्या गाडीनं का धानाले पाणी द्याचं हाय, मॅडम?" भोजराज हसला. मागे ट्रॅक्टरवर बसलेला त्याचा ड्रायव्हर डोमाही हसला.

मोहाडीतल्या अंजूच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात लहान मुलाची गो-कार्ट पहिल्यांदाच आली होती. नागपूरहून जुनी विकत आणलेली, जमिनीला टेकेल अशी बुटकी गाडी. ऑइल न टाकता पळवल्यामुळे इंजिन जाम झालेलं. त्या जागी दुसरं कोणतं बसवायचं, एवढाच प्रश्न होता. अंजू पंपाचं तीन हॉर्सपॉवरचं बसवू म्हणत होती, राइस मिलवाल्या भोजराजला फटफटीचं शंभर सीसीचं इंजिन हवं होतं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर त्याचा मुलगा मनिष गाडीला झेंडा लावून दोन फेऱ्या मारणार होता.

अंजूने नऊ वर्षांच्या मनिषला सीटवर बसवलं, ब्रेकच्या पेडलला मागून वजनाचा स्प्रिंगचा काटा बांधला आणि म्हणाली, "दाब बेटा. आहे नाही तेवढा जोर लाव."

मनिषचा चेहरा लाल झाला. काटा अकरावर थांबला.

"ब्रेकवर याचा जोर अकरा किलो," अंजू म्हणाली. "माझ्या इंजिनवर हा सोळा फुटांत थांबते. फटफटीच्या इंजिनानं वेग दुप्पट झाला तं जागा चौपट लागते, चौसष्ट फूट. इंजिन पोराच्या पायाले पाहून घ्या लागते, भाऊ. बापाच्या मिशीले पाहून नाही."

डोमा पुन्हा हसला. या वेळी भोजराज हसला नाही.

"बीएस्सी झाली म्हणून आम्हालेच शिकवून राहिली का? तुहे बाबा होते तवा असं नव्हतं. सांगतलं तेवढं काम करत होते."

हे धादांत खोटं होतं. अंजूच्या वडिलांनी, टेकचंद मिस्त्रींनी, आयुष्यभर गिऱ्हाइकांशी भांडणंच केली होती. पण मनिष हळूच म्हणाला, "बाबा, मले हेच पाहिजे," आणि दिवसही थोडे उरले होते. भोजराज कुरकुरत तयार झाला.

अंजूने पाण्याच्या पंपाचं लहान पेट्रोल इंजिन बसवलं. चेन जोडली, ब्रेकचे पॅड बदलले आणि शेवटी वेगाचा स्क्रू कोणाला फिरवता येऊ नये म्हणून त्याला तांब्याची तार गुंडाळून पीळ दिला. ही टेकचंदांची पद्धत. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत जास्त पाणी यावं म्हणून लोक तो स्क्रू पिळत आणि इंजिनं फुटत. त्यामुळे तार बांधल्याशिवाय एकही पंप या दुकानातून बाहेर पडत नसे.

सव्वीस जानेवारीला ती मैदानाच्या फाटकाशी उभी होती. गाडी दिसण्याआधी तिला आवाज ऐकू आला. मिनिटाला छत्तीसशे फेऱ्यांवर बांधलेलं इंजिन पाच हजारांच्या वर किंचाळत होतं. वळणावर मागची चाकं घसरली आणि चुन्याची रेघ उडून पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलींच्या अंगावर गेली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. भोजराज मोबाईलवर शूटिंग करत होता. थांबायच्या खुणेपुढे कितीतरी जाऊन गाडी माइकच्या खांबाशी कशीबशी थांबली.

"आता दुसरी फेरी!" माइकवरून आवाज आला.

अंजू मैदानाभोवतीची दोरी उचलून आत शिरली. गाडीशी वाकून तिने स्पार्क प्लगची टोपी खेचली. हाताला झटका बसला. इंजिन बंद पडलं. स्क्रूवर तार नव्हती.

"ए! काय करून राहिली?" भोजराज धावत आला.

"तार कोणं तोडली?"

"गाडी माही, पोरगं माहं. तुले काय करा लागते?"

"अन् हे बसले हायेत, ते लेकरं कोणाचे?"

माइक चालू होता. मैदानभर ऐकू गेलं. पहिल्या रांगेतल्या मुलींचे आईबाप मागे खुर्च्यांवर बसले होते, त्यांतलं कोणी उठलं नाही. फक्त मनिष बसल्या जागेवरून म्हणाला, "मावशी, मी ब्रेक दाबलो होतो. दोन्ही पायानं."

मग माइकवरून पुढच्या नाचाची घोषणा झाली. एक गुरुजी अंजूजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "कार्यक्रमात असा तमाशा बरा दिसत नाही, ताई."

प्लगची टोपी अजून तिच्या मुठीत होती.

दोन दिवसांनी डोमा ट्रॅक्टर घेऊन दुकानाशी आला. भोजराजच्या शेतीचे सगळे पंप दुरुस्तीला तिच्याकडेच होते. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर होती आणि दुकानाचं वर्षाचं मुख्य काम हेच होतं.

"मालक म्हणत होते, पंप घेऊन ये. आता तुमसरच्या दुकानात देणार," डोमा तिच्याकडे न पाहता म्हणाला. "मी काय करू, ताई?"

"तू काय करशील? भर."

त्याने एकेक पंप ट्रॉलीत चढवला. शेवटच्याला हात घातला, तेव्हा अंजू उठली.

"थांब. याले तार नाही लागली अजून."

"राहू द्या ना, ताई. आता तं तुमचं काम नाही राह्यलं हे."

अंजू खाली बसली. तिने रिळावरची तार तोडली, स्क्रूभोवती गुंडाळली आणि पकडीने पीळ दिला. डोमाने ट्रॅक्टर बंद केला आणि उभा राहिला. तारेचं टोक बाहेर राहिलं होतं. इंजिन सुरू करताना कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून तिने ते आत वळवलं.

"ने आता," ती म्हणाली.