होल्डवरची काचपट्टी

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं मी क्वालिटीत होतो. ड्रॉइंगशी न जुळणारा नग बाजूला काढायचा आणि तो चुकून पुन्हा चांगल्या मालात जाऊ नये म्हणून त्यावर लाल रंगाची फुली मारायची, एवढं एकच काम मला आयुष्यात जमलं. तेही जमलं असेल तर. खात्री नसलेला नग मी पिवळी चिठ्ठी लावून ‘होल्ड’वर ठेवी. माझं होल्डचं कपाट अख्ख्या शॉपमध्ये चेष्टेचा विषय होतं.

निवृत्तीनंतर निगडीच्या घरी मायक्रोस्कोप आणला. ऑक्टोपसच्या मूत्रपिंडात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे परजीवी राहतात. अंगात मोजक्या पेशी, आणि प्रत्येक जातीत त्यांचा आकडा ठरलेला. हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. पिंपरीच्या बाजारातली सोजराबाई माझ्यासाठी ऑक्टोपस राखून ठेवी आणि विचारी, हे खाता का पुजता? मी पिशवी घेऊन निघून येई.

दोन वर्षांत साठेक काचपट्ट्या झाल्या. माझी भाची निशिगंधा याच विषयात संशोधन करते. तिला भीतभीत चांगल्या पट्ट्या दाखवल्या; पुस्तकातल्या चित्राप्रमाणे बरोबर बावीस पेशींच्या. ती छान म्हणाली आणि चहा प्यायली. मग तिचं लक्ष लाल फुल्यांच्या डब्याकडे गेलं. ते रिजेक्ट आहेत, मी सांगितलं. एकोणीस पट्ट्या, अठराच पेशी भरतात, माझंच काही चुकलं असणार.

“मामा, एकच चूक एकोणीस वेळा? ही नवी जात आहे.”

पण नवी जात नोंदवायची तर एक तरी स्वच्छ नमुना लागतो. मी तर प्रत्येक नमुन्याच्या बरोबर मध्यावर ऑइलपेंट फासला होता. तो काढायला गेलं तर खालचा नमुनाही सुटून येतो. आणि ज्यातून हे अठरावाले निघाले, तसला ऑक्टोपस सोजराबाईकडे पुन्हा आलाच नव्हता. आयुष्यात एकदाच काही नवं हाती लागलं, आणि ते मीच नियमाप्रमाणे बाद केलं होतं.

“ह्यांचं होल्डवरचं बघितलंस का गं?” माझी बायको कौशल्या आतून म्हणाली. “कंपनी सुटली, ते काही सुटलं नाही.”

घरच्या कपाटात पिवळ्या चिठ्ठीची एकच पट्टी निघाली. चिठ्ठीवर माझं अक्षर : ‘अठरा? पुन्हा मोजणे.’

निशिगंधानं मोजल्या. अठरा. आता हाच मूळ नमुना. यापुढे जगातल्या असल्या जंतूंची तुलना याच्याशी होईल, असं ती म्हणाली. चिठ्ठी तेवढी काढून द्या.

मी म्हटलं, एकदा पुन्हा मोजतो. कौशल्यानं हात पुसले आणि चिठ्ठी काढून टाकली.