उद्या आवळायचे स्क्रू

मिस्त्रीनं पटाशी काचेच्या कडेत घुसवली, हातोडीचा हलका टोला दिला आणि कान लावला. कर्र आवाज आला. काचेभोवतीचं वीस वर्षांचं सीलंट, सुटेन पण तुझ्या मर्जीनं नाही, असं म्हणत होतं. आणखी दोन टोले बसल्यावर काच चौकटीसकट त्याच्या हातात आली आणि केबिनमधला कोंडलेला वास पुन्हा एकदा बाहेर पडला.

"ही पाचवी," तो खाली बघून म्हणाला. "एकच राहिली, वहिनी."

खाली उलट्या बादलीवर घड्याळजीची बायको बसली होती. सकाळपासून बसून होती, पण वर चढली नव्हती. फायबरची ती जुनी शिडाची बोट तीन वर्षं मिस्त्रीच्या यार्डात टेकूंवर उभी होती, आणि तीन वर्षांत आत कुणीच गेलं नव्हतं. बाजारात जाता-येता कुंपणापाशी वहिनीचे पाय मात्र थांबायचेच. काचांना बारीक बारीक तडे जाऊन त्या दुधाळ झाल्या होत्या, आणि त्या दुधाळपणामागं तिला कुणीतरी बसलेलं दिसायचं. मान खाली घालून, कामात असल्यासारखं. शेवटी गेल्या आठवड्यात ती मिस्त्रीकडे आली.

"भावोजी, काचा बदलून द्या," ती म्हणाली. "आरपार दिसू दे. आत कुणी नाही, हे एकदा माझ्या डोळ्यांना कळू दे."

मिस्त्री स्वतः संध्याकाळी यार्डाला कुलूप लावताना त्या बोटीकडे पाठ करूनच चालायचा, त्यामुळं त्यानं जास्त काही विचारलं नाही.

घड्याळजी त्याचा जुना दोस्त. दिवसभर दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा आणि उरलेला जीव या बोटीत ओतायचा. एका दुपारी नवरा-बायकोचं वाजलं. "एवढी ती बोट प्यारी असेल तर तिथंच राहा, घरी येऊच नका," असं ती म्हणाली. तो गेला तो गेलाच. तिसऱ्या दिवशी बोट खाडीच्या तोंडाशी नांगरलेली सापडली. शिडं नीट गुंडाळलेली, डेकवर चपला शेजारी शेजारी. चपला इतक्या व्यवस्थित काढून ठेवल्या म्हटल्यावर लोकांनी काय ते ठरवून टाकलं. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण वहिनीनंही तेच मानलं, आणि आपल्या तोंडानं आपण माणूस घालवला हे ओझं घेऊन ती जगत होती.

सहावी खिडकी उजव्या बाजूची, मागची. मिस्त्री आत जाऊन गुडघ्यांवर बसला, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि थबकला. स्क्रू ढिला होता. त्यानं नुसत्या बोटांनी फिरवून बघितलं. फिरला. दुसराही फिरला. बाराच्या बारा तसेच. त्यानं काचेवरची धूळ हातानं पुसली, तर खाली काच स्वच्छ. सीलंटही पिवळं पडलेलं नव्हतं, आणि चांगलं जाड होतं.

त्यानं शेजारच्या उघड्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वहिनी! वर या. या म्हणतो ना आधी!"

ती शिडीची एकेक पायरी चाचपत वर आली.

"हे बघा," मिस्त्री भराभर बोलू लागला. "ही काच त्यानं गेला त्याच दिवशी बसवलीय. नवी काच बसवली की पहिल्या दिवशी स्क्रू नुसते टेकवायचे. सीलंट रात्रभर धरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन आवळायचं. पहिल्याच दिवशी आवळलं तर सगळं सीलंट पिळून बाहेर येतं आणि खिडकी गळते. नवशिका हमखास तिथंच चुकतो. त्याला हे मीच शिकवलं होतं."

"मग?"

"मग काय मग! ज्याला परत यायचं नाही तो उद्याचं काम ठेवून जातो का? रुसून आला, खिडकी बसवली आणि उद्या आवळू म्हणाला. त्याला घरी यायचं होतं, वहिनी. तुमच्या बोलण्यानं काही झालेलं नाही."

वहिनी एका ढिल्या स्क्रूवर बोट ठेवून उभी राहिली. तिला हसू फुटलं की रडू, तिचं तिलाच कळलं नसेल.

"रुसले तरी नियम सोडायचे नाहीत," ती म्हणाली. "रागानं जेवणावरून उठले तरी ताट मोरीत ठेवून जायचे."

मिस्त्रीला फार बरं वाटलं. दोस्तासाठी नाही तर नाही, त्याच्या बायकोसाठी तरी आपण काही करू शकलो, असं वाटलं.

ती डेकवर गेली आणि खिडकीच्या कडेवरून बाहेरून बोट फिरवू लागली. काच बसवल्यावर बाहेर आलेलं सीलंट ओल्या बोटानं सारखं करायचं असतं. वरच्या कडेची रेघ कोपऱ्यापासून मध्यापर्यंत गुळगुळीत होती. मग एका जागी बोटाची खूण घसरून काचेवर खालपर्यंत ओढली गेली होती, आणि त्यापुढं सगळं गुठळ्यागुठळ्यांनी सुकलं होतं.

"हे अर्धं का राहिलं?"

मिस्त्रीनं वाकून बघितलं आणि जीभ चावली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"राहतं कधी कधी."

"ह्यांच्या हातून?"

तिनं पायाखाली बघितलं. तिथं डेक वीतभर रुंद होतं, आणि त्याला कठडा नव्हता.

"चपला ह्याच्यासाठी काढल्या होत्या," ती म्हणाली. "घसरू नये म्हणून."

पलीकडच्या शेडमध्ये घासायचं यंत्र सुरू झालं. ते बंद होईपर्यंत ती थांबली.

"त्या रात्री आले नाहीत तेव्हा मी दाराला आतून कडी घातली. सकाळी दीर विचारायला आले. मी म्हटलं, रुसून बहिणीकडे जाऊन बसले असतील, येतील आपसूक. दोन दिवस मी कुणाला शोधू दिलं नाही, भावोजी."

हे मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. हातातला स्क्रू त्यानं उगाच खिशात टाकला.

"पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो?" तिनं विचारलं.

मिस्त्री एकदा असाच पाण्यात पडला होता. शिडी वर डेकवरच राहिली होती, बोटीची कड हाताला लागत नव्हती. नांगराचा दोर धरून तो तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत हाका मारत होता, आणि सकाळच्या पहिल्या होडीनं त्याला बाहेर काढलं. घड्याळजी तर त्याच्यापेक्षा चांगला पोहायचा. आणि तो गेला तेव्हा भर उन्हाळा होता, धक्क्यावरची पोरं अंधार पडेपर्यंत पाण्यातून बाहेर निघत नव्हती.

"पाणी फार गार होतं, वहिनी," तो म्हणाला. "पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या दोन्ही रात्री उकाड्यानं जीव नकोसा होऊन ती फरशीवर पाणी शिंपडून झोपली होती.

"हो," ती म्हणाली. "गारच होतं. दिरांनी विचारलं तर त्यांनाही असंच सांगा."