फाटका आहेर

आमच्या कपाटात एक कप्पा आहे, त्याला हात लावायची मला परवानगी नाही. वरच्या कप्प्यात माझे दागिने, त्याखाली घराचे कागद, आणि त्याखाली डांबराच्या गोळ्या नि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या ह्यांच्या जीन्स. घरात चोर शिरला तर ह्यांना आधी कुठला कप्पा आठवेल हे मी सांगायला नको.

हे म्हणजे माझे मालक, संगमेश्वर. लातूरला गंजगोलाईत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. आजूबाजूचे व्यापारी सफारी नाहीतर नेहरू शर्ट घालून गल्ल्यावर बसतात. आमचे हे पन्नाशी उलटली तरी निळ्या जीन्समध्ये. वर खोचलेला पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. गिऱ्हाइकाला नळाची तोटी काढून देतानाही असे उभे राहतात, जसं काही कुणी फोटो काढायला आलंय. पूर्वी लोक हसायचे. आमच्याकडं दुकानदाराला सावकारच म्हणतात; आता पत्ता सांगताना ‘जीन्सवाल्या सावकाराच्या शेजारी’ असं सांगतात, आणि ते कानावर आलं की ह्यांचा दिवस चांगला जातो.

ह्यांच्या जीन्सचे नियम ऐकाल तर वाटेल घरात देव बसवलेत. उलटी करून धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची, इस्त्री तर लावायचीच नाही. एका परिटानं एकदा मधोमध कडक घडी पाडून आणली, तर ह्यांनी परीट बदलला. कापड जाड हवं, निव्वळ सुती हवं आणि ताणलं जाता कामा नये. हल्लीच्या ताणणाऱ्या जीन्सला हे सलवार म्हणतात. गुडघ्यावर फाडलेल्या जीन्सचा तर विषयच काढू नये. तसली घालून कुणी पोरगा दुकानात आला, की खिळ्यांच्या पुडीबरोबर त्याच्यापुढं सुईदोरा ठेवतात. गिऱ्हाइकाची चेष्टा करू नका म्हणून मी सांगून थकले, पण ऐकतील तर शपथ.

ह्या सगळ्याचं मूळ हैदराबादेत आहे. लग्नाआधी हे दुकानाचा माल आणायला तिकडं गेले होते. आबिड्सच्या एका झकपक दुकानात ह्यांना एक जीन्स दिसली. इटलीतल्या कुणा नामांकित माणसाच्या नावाची, मागं चामड्याचा बिल्ला, खिशावर नारिंगी दोऱ्याची शिलाई. हे बिजागऱ्या आणायला गेले आणि जीन्स घेऊन आले. त्या दिवशी माझे सासरे काय बोलले, ते ह्या घरात अजून कुणी उच्चारत नाही.

तीच जीन्स घालून हे मला बघायला शिरूर अनंतपाळला आले. बाकी पाहुणे धोतर-टोपीत आणि मध्ये हा एक निळा माणूस. माझ्या वडिलांना वाटलं, जीपचा ड्रायव्हर आत येऊन बसलाय. त्यांनी ह्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवून चहा दिला. दुसरा एखादा तिथूनच रुसून परत गेला असता. ह्यांनी चहा प्यायला, कपबशी स्वतः विसळून पालथी घातली आणि गपगुमान आत येऊन जागेवर बसले. मी खिडकीतून सगळं बघत होते. मला हा माणूस तिथंच आवडला. महादेवी जीन्सला भुलली असं माझ्या बहिणी म्हणतात, त्यांना म्हणू दे.

ती जीन्स आता ह्यांच्या मांडीच्या वर सरकत नाही. तरी दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती बाहेर निघते. हे तिच्यावरून हात फिरवतात, “असं कापड आता न्हाई गं मिळत,” म्हणतात आणि परत ठेवून देतात. मला साडी घ्यायची आठवण मात्र मला करून द्यावी लागते.

अशा माणसाची लेक मंजुश्री नांदेडला बँकेत लागली आणि तिथं तिला मल्लिकार्जुन भेटला. मुलगा आपल्यातलाच, मुदखेडचा, घरची हळद नि केळीची बागायत. मंजू आम्हाला सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मी ठरवलं, हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही. अडचण एकच होती, माझ्या सासूबाई पार्वतम्मा. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. पोरांनी आपलं आपण ठरवायचं आणि मोठ्यांनी नुसतं जेवायला जायचं, हे अव्वांना मुळीच पटलेलं नव्हतं. साखरपुड्याला त्या आल्या, पण कुठं खोट सापडते का ते बघायला. सापडली की मोडायचं, हे त्यांनी मला आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. घरात अव्वांच्या शब्दापुढं जायची टाप कुणाचीच नाही.

आता आमच्याकडची आहेराची रीत सांगते. साखरपुड्याला मुलाचा बाप मुलीच्या बापाला पोशाख करतो. तो पिशवीत घालून घरी न्यायचा नसतो. तिथंच अंगात घालायचा आणि चारचौघांत येऊन बसायचं, म्हणजे आहेर पावला. त्यात काही उणं निघालं, तर ते कापडाचं उणं धरत नाहीत, माणसानं केलेला अपमान धरतात. आमचे एक मामा धोतराच्या काठावरून रुसले होते, ते अजून रुसलेलेच आहेत.

आमचे व्याही गुरुबसप्पा म्हणजे धोतर, टोपी आणि खांद्यावर उपरणं असा साधा बागायतदार माणूस. लातूरच्या सावकाराला काय आवडतं, हे त्यांनी मुलाकडून विचारून घेतलं. मंजूनं सांगितलं, जीन्स. कसली जीन्स, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिलाही सुचलं नाही. व्याही स्वतः नांदेडला गेले, दिसलं त्या सगळ्यात मोठ्या दुकानात शिरले आणि तिथली सगळ्यात भारी जीन्स मागितली.

साखरपुडा लातूरलाच एका मंगल कार्यालयात होता. विधी सांगणाऱ्या स्वामींनी मंत्र म्हटले, अंगठ्या झाल्या, मंजूची ओटी भरली. मग ताटातून आहेराचं खोकं आलं. उघडायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा, म्हणून ते अव्वांपुढं ठेवलं. अव्वांनी आतलं कापड बाहेर काढलं, झटकून मांडीवर पसरलं आणि त्यांची चार बोटं गुडघ्याच्या जागेतून आरपार बाहेर आली.

“फाटका आहेर,” अव्वा म्हणाल्या. त्या हळूच म्हणाल्या, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

रुसके मामा लगेच उठून उभे राहिले. त्यांना निमित्तच हवं होतं. मल्लिकार्जुन काही बोलायला पुढं झाला, तर मोठ्यांच्यात बोलू नकोस म्हणून त्याला दोघांनी खाली बसवलं. मंजू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एका कापडापायी माझ्या पोरीचं सगळं मोडायची वेळ आली होती.

गुरुबसप्पा उपरण्यानं घाम पुसत पुढं आले. “म्या म्हणलो त्या दुकानदाराला, ही फाटलेली हाय म्हणून,” ते म्हणाले. “तो म्हणला, आप्पा, हीच सगळ्यात भारी. मला काय कळतंय त्यातलं. द्या इकडं, माघारी नेतो.” कापड घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. जीन्समधलं काही कळत असेल तर ते तिथं एकट्या ह्यांना. ह्या माणसानं आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून तिटकारा केलाय, एक ताणणारी जीन्स आणि दुसरी फाडलेली जीन्स. त्यातली दुसरी तर समोरच होती. तोंडावर नुसती आठी पडली असती तरी अव्वांना तेवढं पुरलं असतं.

ह्यांनी कापड हातात घेतलं, अंगठ्यानं शिलाई चाचपली, मग जरासं ओढून बघितलं. ते ताणलंही गेलं. ह्यांचा डावा गाल उडाला, तो फक्त मला दिसला.

“अव्वा, ही फाटकी न्हाई,” हे म्हणाले. “ही फाडलेली हाय. झिजून फाटतं ते फाटकं. हे कोरं कापड कारागिरानं बसून फाडलंय. अजून उसवू नये म्हणून कडंनं दोरा घातलाय बघ. फाडायचे येगळे पैसे पडत्यात.”

“पैसे देऊन फाडून घेत्यात?” अव्वांनी विचारलं.

“हाव. लई शौकीन लोक घेत्यात. गोलाईत अशी कुणापाशी न्हाई.”

मग हे व्याह्यांकडं वळले आणि कंबरेचं माप कुणाकडून घेतलं ते विचारलं. गुरुबसप्पा ओशाळले. म्हणाले, “माप कुठून आणू सावकार? बोलणी करायला आलो तवा तुमाला मिठी मारली होती न्हवं, तेवढा हाताचा घेर दुकानदाराला दाखवला.”

जीन्स खांद्यावर टाकून हे खोलीत गेले, मागोमाग मी.

मिठीच्या मापाची ती जीन्स ह्यांना अगदी बरोबर बसली. हे आरशासमोर उभे राहिले. दोन्ही गुडघे बाहेर डोकावत होते. “महादेवी, ताणली जायलीय गं,” असं हे इतक्या दुःखानं म्हणाले की मला तोंडात पदर कोंबावा लागला. हसतेस काय म्हणून माझ्यावर डाफरले. मी म्हटलं, छान दिसता. ते खोटं नव्हतं. शिरूरच्या ओट्यावर कपबशी विसळली त्या दिवशी हे मला आवडले होते, आज त्याहून जास्त आवडले.

हे बाहेर येऊन पाटावर मांडी घालून बसले, तसे दोन्ही गुडघे पुरते उघडे पडले. मंजूच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. अव्वा सरकत जवळ आल्या आणि उजव्या गुडघ्यावरच्या जुन्या वणावर त्यांनी बोट ठेवलं. “आडतीत पोत्यावरून पडला होतास, तवाची खूण हाय ही,” त्या म्हणाल्या. “किती वर्सानं बघितला तुझा गुडघा.” मग त्यांनी स्वामींकडं बघून मान डोलावली. आहेर पावला. मामा पुन्हा खाली बसले आणि बुंदीचं ताट आल्यावर बरे बोलू लागले.

मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या आठवड्यात लग्नाची तारीख काढायला व्याही घरी येणार होते. दिलेला आहेर अंगावर दिसायला हवा म्हणून हे सकाळी तीच जीन्स घालायला गेले आणि आतूनच मला हाका मारू लागले. जाऊन बघते तर दोन्ही गुडघे बंद. मागून सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा लावून, निळ्या दोऱ्यानं, मुंगीच्या पावलांएवढ्या टाक्यांनी शिवलेले.

अव्वांना विचारलं तर म्हणाल्या, “फाडायला पैसे पडत असतील, शिवायला न्हाई पडत. माझं लेकरू लोकांत उघड्या गुडघ्यानं फिरणार न्हाई.”

आता आली का पंचाईत. व्याह्यानं दिलेल्या पोशाखाला आठ दिवसांत ठिगळ, म्हणजे आता अपमान आमच्याकडून. बदलावी, तर आहेर आवडला नाही असा अर्थ निघणार. शेवटी हे तशीच घालून बसले आणि गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरलं. गुरुबसप्पा आले, शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग मी चहा घेऊन गेले, ह्यांनी सवयीनं कप घ्यायला हात पुढं केला आणि वर्तमानपत्र घसरून खाली पडलं.

गुरुबसप्पांनी टाके बघितले. वाकून त्यावरून बोट फिरवलं.

“कुणी शिवली?” त्यांनी विचारलं.

“अव्वानं,” हे खाली बघून म्हणाले.

गुरुबसप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीला टेकून बसले. “लई बरं केलं बघा माउलीनं,” ते म्हणाले. “तुमी चारचौघांत माझी अब्रू राखली, ते कळलं मला. पर व्याह्याला फाटकं कापड दिलं म्हणून त्या दिसापासून घास गोड लागंना झालता.”

हे उठले आणि त्यांनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली. आतल्या दारात अव्वा उभ्या होत्या. व्याह्यांना जेवल्याबिगर जाऊ देऊ नका, असं त्यांनी मला सांगितलं आणि तारीख लवकरची काढा म्हणून आपण होऊन बजावलं. मंजूला ते फोनवर कळवलं, तर पोरगी रडायलाच लागली.

संध्याकाळी हे कपाटाशी गेले. मी दारातून बघत होते. हैदराबादची जीन्स जरा बाजूला सरकवून ह्यांनी शेजारी ही ठेवली. मग गुडघ्यावरून सावकाश हात फिरवला.

“असे टाके आता न्हाईत गं मिळत,” म्हणाले.